फ्रेममधला कचरा

आमच्या घरासमोरचा जिना सुंदर आहे, हे क्लिक्याने सांगेपर्यंत आम्हाला माहीत नव्हतं. जन्मभर तो चढलो, उतरलो. शेवाळ धरलं की त्यावर घसरलो, त्याला शिव्या घातल्या, बाजाराच्या पिशव्या वर नेताना मधल्याच एखाद्या पायरीवर बसून धापा टाकल्या. सुंदर वगैरे तो कधी वाटला नव्हता.

क्लिक्या म्हणजे हिच्या बहिणीचा मुलगा, आणि ही म्हणजे माझी बायको. क्लिक्या फोटोग्राफर आहे. लग्न ठरलेली जोडपी आणि हॉटेलांच्या खोल्या यांचे फोटो काढून पोट भरतो. यंदा नगरपालिकेने त्याला एक मोठं काम दिलं. शहरात फोटोसाठी सगळ्यांत देखण्या जागा कुठल्या त्या शोधायच्या, त्यांचे फोटो काढायचे आणि त्या फोटोंचे भलेमोठे फलक धक्क्यावर लावायचे, म्हणजे बोटीतून उतरलेल्या पाहुण्याला कळेल की मोबाईल कुठे धरायचा.

आमचं शहर समुद्राला टेकून बसलेलं आहे, त्यामुळे अशा जागांना काही तोटा नाही. पण क्लिक्या तोंड पाडून आमच्याकडे जेवायला आला. दीपगृह झालं होतं, जकातीची जुनी कोठारं झाली होती, लाटा अडवायचा बांध झाला होता. सगळं सगळ्यांनी आधीच काढून ठेवलेलं. दीपगृहाचे तर इतके फोटो निघालेत की एव्हाना त्याची झीज व्हायला हवी होती, असं मी म्हटलं. तो हसला नाही. धंद्याचं दुःख असलं की माणसाला विनोद कळत नाहीत.

मग तो हात धुऊन बाहेर गेला, वरच्या वळणापर्यंत चढला आणि तिथून ओरडला, "मावशी, हलू नकोस."

ही तेव्हा आमच्या दारासमोरच्या पायरीवर मटार सोलत बसली होती. संध्याकाळी ती तिथेच बसते, आत गरम होतं म्हणून. आमचा जिना धक्क्यापासून टेकडीवर जातो. एका अंगाला आमचं घर, समोर गोदामाची लांबच लांब पिवळी भिंत, आणि वरून खाली पाहिलं की या दोहोंच्या फटीत समुद्राचा एक उभा तुकडा आणि त्यात चार होड्या. संध्याकाळी ऊन तिरकं येतं आणि भिंत पेटल्यासारखी दिसते. हे सगळं मला क्लिक्याने दाखवलं तेव्हा दिसलं. मी आयुष्यभर फेरीबोटीच्या इंजिनखोलीत काम केलं. तिथे खिडकी नसते, त्यामुळे बघायची सवय नाही.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घराचा स्टुडिओ झाला. क्लिक्या रोज संध्याकाळी यायचा, वळणावर कॅमेऱ्याची तिपाई मांडायचा आणि उन्हाची वाट बघायचा. ही ठेवणीतले निळे कपडे घालून, केस नीट बांधून पायरीवर बसायची. मटार संपायचे पण ऊन मनासारखं यायचं नाही, तेव्हा ही सोललेल्या शेंगाच पुन्हा सोलल्यासारखं करायची. क्लिक्या वरून म्हणायचा, मावशी, नॅचरल. एवढ्यावर ही खूश. आमच्या लग्नात फोटोवाल्याचा कॅमेरा बिघडला होता, त्यामुळे आमचा लग्नाचा फोटोच नाही. त्यावरून तिने किती वर्षं माझं उणं काढलं आहे ते मलाच ठाऊक. आता तिचा फोटो धक्क्यावर लागणार होता, घराएवढा. मासळीवालीला सांगून झालं, बेकरीवालीला सांगून झालं, दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या अनोळखी माणसांनाही सांगून झालं. बहिणीला तर फोनवर रोजच.

आणि तिच्या बोलण्यात नवे शब्द आले. फ्रेम, लाईट, अँगल. त्यातला एक शब्द तिला फारच आवडला. क्लिक्याच्या धंद्यात फोटोत नको असलेल्या प्रत्येक गोष्टीला कचरा म्हणतात. विजेची तार कचरा, उलटी ठेवलेली बादली कचरा, मध्ये आलेलं कुत्रं कचरा. धंद्यातला शब्द आहे, त्यात वाईट काही नाही, असं त्यानेच सांगितलं. पण हिच्या तोंडी तो बसला. ताटात पोळी वाकडी वाढली गेली तरी फ्रेममध्ये कचरा नको म्हणायची. मीसुद्धा हसायचो.

एका संध्याकाळी क्लिक्या म्हणाला की सगळं जमलंय, फक्त वर कचरा आहे.

वर म्हणजे वहिनींची गॅलरी. आमच्या घरात खाली आम्ही आणि वर वहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा गेल्यापासून त्या एकट्याच राहतात. त्यांची गॅलरी जिन्यावर पुढे आलेली आहे आणि तिच्यावर त्यांची दोरी. दोरीवर चादरी, टॉवेल, रोजचे विटके कपडे. वहिनींचं घर अंधारं आहे, एकच काय ते ऊन त्या गॅलरीत येतं. संध्याकाळी कपडे चाचपत त्या तिथेच उभ्या राहायच्या.

या दोघी जावांचं भांडण असं कधी झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, मिटलं तरी असतं. पाण्याचा पंप कोणी बंद करायचा, जिना कोणी झाडायचा, असल्या गोष्टींवरून बोलणं हळूहळू आटलं आणि मग बंदच झालं. जे काही वर सांगायचं ते माझ्यामार्फत आणि खाली यायचं ते माझ्यामार्फत. मी दोघींचा पोस्टमन. पोस्टमनने पत्र फोडायचं नसतं, हा नियम मी पाळत आलो. खरं तर मला त्यात पडायचं नव्हतं, आणि न पडण्याला मी नियम म्हणत होतो.

हिने मला वर पाठवलं. म्हणाली, "सांगा त्यांना, फ्रेममध्ये कचरा येतोय, दोरी रिकामी करा."

माझे गुडघे गेलेले आहेत. वर पोचेपर्यंत श्वास लागला. दोन गोड शब्द आधी टाकावेत, विनंतीसारखं बोलावं, एवढी अक्कल मला आहे, पण ती त्या वेळी दम खात बसली. शिवाय माझा आवाज. इंजिनच्या धडधडीवर ओरडून ओरडून तो असा झालाय की माझं हळू बोलणं चार घरांना ऐकू जातं. मी गॅलरीच्या दारातूनच म्हणालो, "वहिनी, फ्रेममध्ये कचरा येतोय."

शेजारच्या घराच्या खिडकीतली शिंपीणबाई शिवणयंत्र थांबवून बघायला लागली. खाली क्लिक्या, ही, जिन्यावरून जाणारी दोन माणसं, सगळ्यांनी ऐकलं. वहिनींनी विचारलं, "कसला कचरा, भाऊजी?" मी नुसतं दोरीकडे बघितलं. त्यांनीही दोरीकडे बघितलं. त्यांच्या ठिगळाच्या चादरीतून पाणी ठिबकत होतं. मग खालून हिचा आवाज आला की गॅलरीत माणूसही नको म्हणतोय तो, आणि तेही मीच वहिनींना सांगितलं, जसं काही त्यांना ऐकू आलंच नव्हतं.

वहिनी फक्त "बरं" म्हणाल्या. कपडे ओलेच गोळा केले आणि आत गेल्या. मी रिकाम्या गॅलरीत क्षणभर उभा राहिलो आणि मग मीही निघालो, कारण मीही फ्रेममध्येच होतो. माझ्यामागे त्यांनी गॅलरीचं दार लावून घेतलं.

त्या दिवशीचं ऊन म्हणे अप्रतिम होतं. क्लिक्याने कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर हिला फोटो दाखवला आणि हिच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढे कित्येक दिवस ही गुणगुणत होती. वरची दोरी रिकामीच दिसायची. ते माझ्या लक्षात आलं होतं. फोटो झाला, आता घाला कपडे, असं वर जाऊन सांगावं असं मनात येऊन गेलं. पण मला कोणी पाठवलं नाही, आणि मी आपण होऊन गेलो नाही.

फलक उघडायचा दिवस आला. धक्क्यावर खुर्च्या मांडल्या होत्या, नगराध्यक्षांसाठी कापड टाकलेली वेगळी खुर्ची. हिने अर्धी गल्ली गोळा करून आणली होती. निघताना मला म्हणाली, वरही सांगा, म्हणावं या. त्यांनाही बघू दे. "त्यांनाही बघू दे" हे ती कुठल्या सुरात म्हणाली ते मला चांगलं कळलं, पण तो सूर गाळून मी नुसता निरोप दिला. वहिनी आल्या. खोकत होत्या, गळ्याभोवती शाल होती. जिना उतरायला त्यांना वेळ लागला. ही पुढे निघून गेली आणि मी दोघींच्या मध्ये चालत राहिलो, म्हणजे कोणाच्याच बरोबर नाही.

भाषणं झाली. मग दोरी ओढली आणि कापड खाली आलं.

आमचा जिना होता. पिवळी भिंत होती, समुद्राचा तुकडा होता, त्यात चार होड्या होत्या. इतकं देखणं दिसत होतं की लोकांनी आपोआप टाळ्या वाजवल्या. आमच्या दारासमोरच्या पायऱ्या स्वच्छ, रिकाम्या होत्या. तिथे कोणीही नव्हतं.

ही हसऱ्या चेहऱ्याने बघत होती. तेच हसू तसंच राहिलं, फक्त आतलं माणूस निघून गेलं. बेकरीवाली भाबडी आहे, तिने फलकाच्या अगदी जवळ जाऊन शोधलं आणि वळून मोठ्यांदा विचारलं, "अगं, पण यात तू कुठेयस?"

गल्लीतले सगळे फलकाकडे बघायला लागले, मग हिच्याकडे. मासळीवाली म्हणाली, दुसरा फलक असेल. दुसरा फलक दीपगृहाचा होता. क्लिक्या कोपऱ्यात उभा होता तो चोरासारखा पुढे आला आणि हिच्या कानाशी लागला. ऑफिसातून सांगितलं होतं म्हणाला, कुठल्याच फोटोत इथलं माणूस नको. पाहुण्याला वाटलं पाहिजे की जागा आपल्यासाठीच मोकळी ठेवलीय. "मावशी, मी खूप सांगून बघितलं त्यांना. पण आमच्यात ते असंच धरतात, माणूस म्हणजे…" आणि इथे त्याची जीभ अडखळली.

तो शब्द त्याने गिळला, पण आम्हा तिघांनाही तो ऐकू आला. हिला, मला आणि मागे उभ्या असलेल्या वहिनींना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हिच्याकडे बघवेना, आणि वहिनींकडे तर बघायची हिंमतच नव्हती. मला वाटलं, आता वहिनी काही बोलतील. बोलायचा हक्क होता त्यांचा. एक वाक्य पुरलं असतं, आणि धक्क्यावरच्या सगळ्यांना ते ऐकायला आवडलं असतं.

वहिनी शाल सावरत फलकाशी गेल्या. वर बघितलं, आणि पिवळ्या भिंतीवर एका जागी बोट टेकवलं.

"ही काय, इथे आहे की."

तिथे भिंतीवर एक सावली होती. लांब, तिरकी. मला आधी ती कसल्याशा झाडाची वाटली होती. इतरांनाही वाटली असणार, क्लिक्यालासुद्धा, नाहीतर त्याने तीही पुसली असती. पण वहिनींनी बोट ठेवल्यावर दिसलं. वाकलेली पाठ, बांधलेले केस, शेंग धरलेला हात.

"माझ्या गॅलरीतून खालची पायरी दिसत नाही," वहिनी बेकरीवालीला सांगत होत्या. "समोरची भिंत तेवढी दिसते. रोज संध्याकाळी ही बाहेर येऊन बसली की हिची सावली येते भिंतीवर. मला कळतं ना, आज सोलतेय की शिवतेय. चिडलेली असली तरी कळतं, हात भरभर चालतात मग. मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार."

बेकरीवाली म्हणाली, हो की, आणि मग सगळेच म्हणाले, हो की. लोकांना बोलायला विषय मिळाला आणि ते हिच्यापासून पांगले. वहिनींनी हिची अब्रू राखली, ती अशी. आणि ही मान खाली घालून उभी होती. इतक्या वर्षांत मी तिची मान खाली गेलेली पाहिली नव्हती. फोटोत नाही म्हणून ती गेली असती तर मी समजूत काढली असती. पण ती त्यासाठी गेली नव्हती, आणि तिच्याबरोबर माझीही गेली होती.

परत निघालो तेव्हा ही वहिनींच्या चालीने चालत होती.  जिन्याच्या तोंडाशी पोचलो तर वर गर्दी. फलक उघडून तासही झाला नसेल, आणि पाहुणी पोरंपोरी मोबाईल घेऊन वळणावर जमली होती. एक मुलगी आमच्या दारासमोरच्या पायरीवर बसून केस उडवत होती. त्यांच्यातल्या एकाने हात करून आम्हाला थांबायची खूण केली. आम्ही तिघे आमच्याच घराखाली भिंतीला चिकटून उभे राहिलो. वहिनी तर सराईतासारख्या आधीच बाजूला सरकल्या होत्या. ते मला फार लागलं.

वाट मोकळी झाल्यावर ही आमच्या दारापाशी थांबली नाही. वहिनींच्या मागोमाग वर चढायला लागली. मला काही सांगून पाठवलं नाही, स्वतः गेली. मी त्यांच्या मागून गेलो.

वहिनींनी दार उघडलं आणि आधी वास आला, ओल्या कपड्यांचा, कोंदट. खिडकीच्या गजापासून कपाटाच्या मुठीपर्यंत दोरी, तिथून आरशाच्या खिळ्यापर्यंत दुसरी. चादरी, टॉवेल, कपडे, सगळं खोलीत. खाली बादल्या आणि पसरट भांडी ठेवली होती, त्यांत ठिबकत होतं. भिंतीला काळे डाग धरले होते. पलंग भिंतीपासून ओढून मधोमध आणला होता, ओल लागू नये म्हणून. गॅलरीचं दार बंद होतं आणि फटीत कापड कोंबलेलं होतं.

हिने दारातूनच विचारलं, "ताई, हे कधीपासून?"

"तेव्हापासूनच की," वहिनी सहज म्हणाल्या. चहाचं भांडं शोधत होत्या, चादर बाजूला करून करून.

हिने जवळची चादर दोरीवरून ओढली आणि गॅलरीकडे निघाली. वहिनींनी चादरीचं दुसरं टोक धरलं. ओढलं नाही, नुसतं धरलं. "नको गं. खाली लोक आहेत. बरं दिसत नाही."

"बरं दिसत नाही म्हणून कोणी सांगितलं तुम्हाला?" ही म्हणाली. सवयीने म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिचा चेहरा पडला.

 वहिनी माझ्याकडे वळल्या. "भाऊजी त्या गुडघ्यांनी वर चढून आले ना सांगायला. म्हटलं, एवढं आलेत म्हणजे खरंच अडत असेल तुमचं काहीतरी. मग आपण कशाला मध्ये यायचं?"

यात टोमणा नव्हता. तो असता तर मी सुटलो असतो. त्या मनापासून बोलत होत्या, आणि मी बादलीत पडणाऱ्या थेंबांकडे बघत उभा होतो.

मग त्या खोकल्या. खोकला थांबेना, तशी ही त्यांची पाठ चोळायला लागली. मधे श्वास घेऊन वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, जरा बघता का, गेली का ती मुलं? गेली असतील तर दार उघडून ठेवते थोडा वेळ. हवा येईल."

मी फटीतलं कापड काढलं, दार उघडून गॅलरीत गेलो. बाहेर तेच ते अप्रतिम ऊन होतं. मुलं गेली नव्हती, उलट वाढली होती. वळणावर रांग लागली होती. हे आमचं घर आहे, इथे बाई आजारी आहे, एवढं म्हणायचं होतं. तोंडही उघडलं होतं मी. तेवढ्यात वरून कोणीतरी अगदी गोड आवाजात म्हणालं, "काका, एकच मिनिट, जरा आत होता का?"

आणि मी आत झालो.

दार लोटून वळलो तेव्हा ही माझ्याकडे बघत होती, एक हात वहिनींच्या पाठीवर ठेवून.  वहिनींनी विचारलं, आहेत ना अजून. मी मान हलवली. असू दे, म्हणाल्या, आणि खाली पडलेलं ते कापड उचलून त्यांनी पुन्हा फटीत बसवायला घेतलं.